महागडा डॅक, मल्टिमीटर आणि आपले कान

(हा एपिसोड लोणखेड्याला घरीच रेकॉर्ड केलाय. मध्येच पंख्याचा आणि उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येतो, तो काढलेला नाही. खालचा मजकूर रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडा नीट केलाय. बोलताना जी आकडेमोड घाईत झाली ती इथे सावकाश दिली आहे.)

आज सुरुवातीलाच एक दुरुस्ती करायची आहे, आणि ती माझीच आहे.

हेडफोनवरच्या जुन्या एपिसोडमध्ये मी म्हणालो होतो की चांगला डॅक लावला की गाण्यावरची धूळ झटकल्यासारखं वाटतं. डॅक म्हणजे फाइलमधले आकडे विजेच्या लहरीत बदलणारं यंत्र. तुमच्या फोनमध्ये एक असतोच, हेडफोनच्या छोट्या डोंगलमध्येही असतो आणि टेबलावर ठेवायचा वेगळा डबाही मिळतो. माझ्याकडे तसा २२,००० रुपयांचा डबा आहे. ते वाक्य मी मनापासून बोललो होतो, खोटं बोललो नव्हतो.

माझ्या मामाच्या मुलाने ते फारच मनावर घेतलं. नाशिकला त्याची पहिली नोकरी, हातात १९,००० येतात. एका रात्री त्याचा स्क्रीनशॉट आला: ४२,००० चा डॅक-अँप कार्टमध्ये, १२ महिन्यांचा ईएमआय निवडलेला, आणि खाली "दादा, घेऊ ना? तूच म्हणाला होता."

तूच म्हणाला होता. आता काय उत्तर देणार? मी माझा डबा दोन वर्षं वापरतोय, पण तो खरंच वेगळा वाजतो का, हे मी कधीच तपासलं नव्हतं. दिवसभर ऑफिसच्या कामात टेस्ट लिहिल्याशिवाय कोड पुढे सरकू देत नाही, आणि इथे २२,००० रुपये नुसत्या "वाटतं"वर घातले होते. त्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात लग्नाला येतोच आहेस, तेव्हा बघू. तोपर्यंत बटण दाबू नकोस.

महागड्या ऑडिओच्या दुनियेत दोन पार्ट्या आहेत, हे तुम्हाला माहीत असेल. एक मोजणाऱ्यांची. यंत्रात शुद्ध सूर घालायचा, बाहेर काय येतं ते बघायचं, जी भर पडली ती बिघाड, आणि आकडा चांगला असेल तर यंत्र चांगलं. दुसरी ऐकणाऱ्यांची. त्यांचं म्हणणं, आकड्यांना काय कळतं गाणं, कान हाच शेवटचा न्यायाधीश. दोघं एकमेकांना वर्षानुवर्षं शिव्या घालताहेत. मी आतापर्यंत नकळत दुसऱ्या पार्टीत होतो.

आता टेस्टची गोष्ट.

लग्नाच्या दिवशी टेस्ट झालीच नाही. वरातीत डीजेच्या गाडीमागे दोन तास नाचून आलो, कान शिट्टी मारत होते. अशा वेळी कान काही तास मंद झालेले असतात, त्यांच्यावर कुठलीही साक्ष टाकू नये. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो. एका बाजूला माझा डबा, दुसऱ्या बाजूला हजार रुपयांच्या आतबाहेरचा फोनचा डोंगल. हेडफोन एकच. गाणं एकच: किशोरी आमोणकरांचं एक रेकॉर्डिंग, सुरुवातीला नुसता तानपुरा आणि मग आवाज. पहिले २० सेकंद घ्यायचे.

बदलाबदल करायला धाकटी बहीण. ती आमच्या पाठीमागे बसली, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरून काही कळायला नको. आम्हाला आधी दोन्ही यंत्रं ओळखीची करून दिली, मग प्रत्येक फेरीला तिने नाणं उडवायचं, छापा आला तर डबा, काटा आला तर डोंगल, आणि वहीत लिहून ठेवायचं. यंत्र तेच राहिलं तरी पिन काढून पुन्हा घालायची, कारण पिनच्या खटक्यावरून ओळखणं फार सोपं असतं. हे तिलाच सुचलं, मला नाही.

आवाज दोन्हीकडे सारखा आम्ही कानाने केला. मग भाऊ बसला. १६ फेऱ्या.

१४ बरोबर!

नुसत्या अंदाजाने १६ पैकी १४ किंवा जास्त बरोबर येणं म्हणजे हजारात दोनदा होणारी गोष्ट. भाऊ उड्या मारायला लागला. "बघ भो, डब्याचा तानपुरा मोकळा वाटतो, डोंगलचा कोंदट." मी पण खूश. माझे २२,००० वाचले ना.

पण डोक्यात एक किडा होता. आवाज कानाने सारखा केला, तो खरंच सारखा होता का? घरात शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरसाठी घेतलेला मल्टिमीटर आहे, पण त्याची एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची. हेडफोनला जाणारा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास, तो त्यावर काय दिसणार. मग शहाद्याला मोबाइल रिपेअरिंग करणाऱ्या मित्राकडून २ व्होल्ट एसी रेंजचा मीटर आणला. फोनवर ५० हर्ट्झचा शुद्ध सूर लावला. ५० यासाठी की साधे मीटर घरातल्या विजेसाठी बनवलेले असतात, आणि ती ५० हर्ट्झचीच असते. वरच्या सुरांवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. स्प्लिटर लावून, हेडफोन जोडलेला ठेवूनच मोजलं.

डबा: ०.५०० व्होल्ट. डोंगल: ०.४२१.

हिशेब केला तर फरक दीड डेसिबलचा. दीड डेसिबल म्हणजे आवाज वाढला असं सहसा वाटत नाही, पण गाणं "भरलेलं" वाटतं. यामागे जुनं संशोधन आहे. बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आपला कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. हळू आवाजात खालचे सूर जास्त दबतात आणि आवाज वाढवला की ते वर येतात. म्हणून किंचित मोठं वाजणारं यंत्र आपल्याला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. दुकानात दोन स्पीकर दाखवणाऱ्याला हे माहीत असेल तर तुमचं काही खरं नाही.

आता डब्याचा आवाज कमी करत ०.४२३ वर आणला. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत. पुन्हा १६ फेऱ्या.

भाऊ: ९ बरोबर. मी: ७.

नुसता नाणेफेक करून १६ पैकी ९ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण ४० टक्के असते. म्हणजे ९ ला काहीच अर्थ नाही. १२ आले असते तर ती शक्यता ४ टक्क्यांच्या खाली गेली असती आणि मी म्हटलं असतं, ठीक आहे, काहीतरी ऐकू येतंय. माझे ७ तर भावापेक्षाही खाली, आणि डबा माझा! दोन वर्षं ज्याची धूळ झटकणारी जादू मी ऐकत होतो, तो मला ओळखताच आला नाही.

इथे एक प्रामाणिक अट घालतो. यातून दोन यंत्रांमध्ये फरकच नाही असं सिद्ध होत नाही. त्या गाण्यावर, त्या हेडफोनवर, आम्हा दोघांना तो ऐकू आला नाही, एवढंच सिद्ध होतं. पण ईएमआय भरणारा माणूस तोच आहे ना.

तुम्ही म्हणाल, तुमचे कान साधे, तज्ज्ञांना कळेल. बरं. २००७ मध्ये बॉस्टनच्या ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी हाय-रेझोल्यूशन डिस्कचा आवाज आणि तोच आवाज सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ दर्जातून काढलेला, असे समोरासमोर ठेवले. ऐकणाऱ्यांत रेकॉर्डिंगची कामं करणारे लोकही होते. एकूण ५५४ वेळा ओळखायला लावलं, २७६ वेळा बरोबर आलं. बरोबर निम्म्याला दोन-चार इकडेतिकडे.

त्याहून मजेशीर १९९४ ची टेस्ट आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह हे हरमन या ऑडिओ कंपनीत संशोधक होते. त्यांनी आपल्याच कंपनीतल्या ४० जणांना स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. पडदा हटल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वर गेले आणि छोट्या प्लास्टिकच्या संचाचे खाली आले. आवाज तोच होता. स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतली माणसं ही, तरी डोळे कानांच्या पुढे गेले. त्यांना खोटारडे म्हणायचं नाही, बरं का. डोळ्यांनी जे पाहिलं ते मेंदू ऐकण्यात मिसळतोच, आणि ते नको असं ठरवून थांबत नाही. मी ती जादू दोन वर्षं खरोखर "ऐकली" होती.

मग काय, मोजणारे जिंकले? इथे थांबलो असतो तर एपिसोड सोपा झाला असता. पण तुम्ही आत्ता मला ज्या पद्धतीने ऐकताय, तीच त्यांच्या विरोधात जाते.

एमपी३ घ्या. सीडीच्या १६ बिटमध्ये गाणं आणि खरखर यांच्यात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. १९९० च्या सुमारास जेम्स जॉन्स्टन आणि कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग यांनी बेल लॅब्समध्ये दाखवलं की हे अंतर १३ डेसिबलपर्यंत खाली आणूनही कानाला काही कळत नाही, फक्त ती खरखर गाण्याच्या सावलीत नीट लपवली पाहिजे. मोठ्या सुराच्या शेजारचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्याचा हा फायदा. बँडच्या शेजारी उभं राहून कुजबुजल्यासारखं. या कामाला "१३ डेसिबलचा चमत्कार" असंच नाव पडलं. आता साध्या मीटरने बघाल तर ९६ विरुद्ध १३: आकडा म्हणतो यंत्र भंगार आहे. कान म्हणतो, सगळं ठीक.

आणि उलटंही झालं. ब्रँडेनबर्ग यांनी सुझान वेगाचं "टॉम्स डायनर" हे वाद्याशिवायचं गाणं कोडिंगमधून काढलं तेव्हा एकट्या आवाजाची पार वाट लागली. ते पुनःपुन्हा ऐकून त्यांनी कोडेक सुधारला. म्हणजे तुमच्या फोनमधल्या संगीताची पद्धत घडवताना शेवटचा शब्द कानाचाच होता. फक्त ते ऐकणं शिस्तीचं होतं: दोन नमुने शेजारी शेजारी, फरक एकाच गोष्टीचा, आणि ताबडतोब तुलना.

ही शिस्त आपल्याकडे जर्मनीहून आली असं समजू नका. मिरजेला जा. तिथे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांपासून तंतुवाद्यं बनतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, ते वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे जवारी. तारा ज्या रुंद घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. कारागीर तो घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधतो. जागा सापडली की आवाज उघडतो, आणि खर्जाच्या तारेतून कुणीही न लावलेला गंधार ऐकू यायला लागतो. त्या उताराचा आकडा कुठल्या कागदावर लिहिलेला नसतो.

हे ऐकणं आणि माझं डब्याचं ऐकणं, यात फरक काय? कारागीर एका वेळी एकच गोष्ट बदलतो, थोडीशी. बदलल्याबरोबर तीच तार छेडतो. आणि घासण्याच्या प्रत्येक फटक्यावर किमतीची चिठ्ठी लावलेली नसते. मी मात्र नवा डबा, नवी केबल, जास्त आवाज, २२,००० चं बिल, सगळं एकदम घेऊन बसलो, आणि तुलना कशाशी, तर आदल्या दिवशीच्या आठवणीशी. त्याला ऐकणं कसं म्हणायचं, सांगा.

जवारीची गोष्ट इथे संपत नाही. पुस्तकी नियम सांगायचा की तार जिथे छेडाल, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची कंपनं शून्य असतात ते उपस्वर उठणारच नाहीत. बरोबर मध्यावर छेडलं तर दुसरा, चौथा, सहावा गायब हवा. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांचा भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध आला. तानपुरा आणि वीणेवर हा नियम मोडतो, जे उपस्वर नसायला हवेत ते ठळक ऐकू येतात, आणि याचं कारण त्या घोडीच्या आकारात आहे, असं त्यांनी दाखवलं. नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. कारागिरांच्या कानाला जे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, ते विज्ञानाच्या हाती नंतर लागलं. पण लागलं. आकड्यांच्या पलीकडचं गूढ असं काही तिथे शिल्लक नव्हतं, आधीचा नियम रुंद घोडीसाठी लिहिलेलाच नव्हता.

म्हणून "मला ऐकू येतं पण मोजता येत नाही" असं कुणी म्हटलं की मी आता दोन प्रश्न विचारतो. न बघता, आवाज जुळवून ऐकलंस का? हो असेल, तर मग मोजणाऱ्याने चुकीची गोष्ट मोजली असणार, चल शोधू.

असं शोधायची वेळ त्याच संध्याकाळी आली. भाऊ हरल्यामुळे चिडला होता. म्हणाला, "ठीक आहे, डॅकचं सोड. पण पप्पांच्या जुन्या अँप्लिफायरला माझे इअरफोन लावले की आवाज पार बदलतो. हे पण मनाचे खेळ?" खरं सांगतो, मला वाटलं होतं की हो. अँप्लिफायर आणला, आवाज जुळवला, बहिणीने वही उघडली. १० पैकी १० बरोबर. पुढे मोजायची गरजच नव्हती. मलासुद्धा आले.

कारण शोधलं. खूप जुन्या अँप्लिफायरमध्ये हेडफोनचं सॉकेट स्पीकरच्याच लाइनवरून मोठा रेझिस्टर लावून काढलेलं असतं, १०० ओहम किंवा त्याहून जास्त. त्या काळच्या जड हेडफोनना ते चालायचं. भावाचे इअरफोन तीन-चार ड्रायव्हरचे, आणि अशा इअरफोनचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो. समजा एका सुराला ३२ ओहम, दुसऱ्या सुराला ८. मध्ये १०० चा रेझिस्टर असेल तर पहिल्या सुराला व्होल्टेजचा २४ टक्के वाटा मिळतो, दुसऱ्याला ७ टक्के. म्हणजे जवळजवळ १० डेसिबलचा फरक, गाण्याचा चेहराच बदलला. डोंगलचा अंतर्गत रोध अर्धा ओहम धरला तर हाच फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत राहतो.

गंमत अशी की बिघाडाचा आकडा, जो जाहिरातीत ०.०१ टक्के वगैरे छापतात, तो या अँप्लिफायरचाही चांगलाच असू शकतो. तो आकडा खोटा नाही, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. भावाच्या कानाने बिघाड पकडला आणि साध्या गुणाकार-भागाकाराने तो समजला. त्या दिवशी मी त्याची माफी मागितली. (हसू आलं होतं, रेकॉर्डिंगमध्ये ऐका.)

आता खरेदीचं थोडक्यात, कारण मेसेज त्याचेच जास्त येतात. खोक्यावर "२० ते २०,००० हर्ट्झ" लिहिलेलं असतं, त्यापुढे किती डेसिबलच्या आत ते लिहिलं नसेल तर त्याला काही अर्थ नाही, दहा रुपयांचा इअरफोनही २०,००० हर्ट्झला थोडं किंचाळतोच. १९२ किलोहर्ट्झ म्हणजे ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर साठवता येतात, पण तुम्ही वटवाघूळ नाही. डॅकसाठी अंतर्गत रोध कमी आणि तुमच्या हेडफोनला पुरेसा आवाज, एवढं बघा. उलट इअरफोन, हेडफोन, स्पीकर यांच्यात फरक इतके मोठे असतात की मीटरलाही दिसतात आणि पडद्याआडही ऐकू येतात. इअरफोनची रबराची टोपी कानात नीट बसली नाही तर खालचे सूर गळून जातात, हा फरक कुठल्याही डॅकपेक्षा मोठा. पाकिटात तीन मापांच्या टोप्या येतात, त्या घालून बघायला पैसे लागत नाहीत. तरी मधली लावून बाकीच्या फेकणारे किती आहेत हात वर करा. मी पण होतो.

भावाने कार्ट रिकामं केलं. त्याच पैशांतले ६,००० घालून त्याने दुसरे इअरफोन घेतले, शहाद्याच्या दुकानात तीन जोड्या ऐकून. डोळे मिटून ऐकले म्हणे, दुकानदाराला वाटलं याला चक्कर येतेय.

माझा डबा अजून टेबलावर आहे. विकायला काढला होता, मग नाही विकला. त्याचं आवाजाचं बटण धातूचं आहे, जड आहे, फिरवताना बरं वाटतं. पण तो जुना एपिसोड मात्र आता बदललाय. धूळ झटकण्याचं वाक्य काढलेलं नाही, तिथे मध्येच माझा आजचा आवाज येतो आणि १६ पैकी ७ हा आकडा सांगतो. ज्यांनी ते ऐकून काही मागवलं असेल आणि परत करायची मुदत अजून असेल, त्यांनी आधी एक मित्र, एक नाणं, एक वही आणि २ व्होल्ट एसी रेंजचा मीटर शोधावा. मुदत संपायच्या आत.